टिटवीचा पुढचा पाय

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

ही वही आत्यानं दिली तेव्हा पहिल्या पानावर 'रोज लिहीन' असं लिहून ठेवलं होतं. त्यानंतर दोन वर्षं एक अक्षर लिहिलं नाही. रोज काय लिहायचं, नट घट्ट केला, नट सैल केला? पण आज लिहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

सकाळी आमचे इंजिनिअर निकम सर चहाचा कप हातात धरून म्हणाले, "मयूरी, टिटवीचा पुढचा पाय तू उघडायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी फक्त बाजूला उभा."

टिटवी म्हणजे आमच्या फ्लाइंग क्लबचं दोन सीटचं विमान. कागदावर तिला इंग्रजी अक्षरांचं नाव आहे, पण धोंडिरामकाकांनी टिटवी म्हटलं आणि तेच चिकटलं. काका हँगरमध्ये मदतीला असतात, इथल्या कुंडलचेच. ते म्हणतात, टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर पायावर झेलायला. हिचाही सगळा भार पायांवरच आहे. शिकाऊ पोरं दिवसात वीस-वीस वेळा तिला धावपट्टीवर आदळतात आणि ती बिचारी सोसते.

पुढच्या पायाच्या नळीत तेल असतं आणि वर दाबून भरलेला नायट्रोजन. एक चकचकीत दांडा त्या नळीत वर-खाली होतो आणि आदळआपट गिळून टाकतो. विमान नुसतं उभं असताना हा दांडा चार बोटं उघडा दिसला पाहिजे. टिटवीचा पावसाळ्यात दोन बोटांवर आला होता. म्हणजे आतल्या रबरी रिंगा म्हाताऱ्या झाल्या.

आता खरी गोष्ट. परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर माझ्या अनुभवाच्या वहीत सात कामांच्या सात ओळी भरलेल्या लागतात, आणि प्रत्येक ओळीपुढे 'मी स्वतः पाहिले' या रकान्यात परवानाधारक इंजिनिअरची सही. सहा झाल्यात. सातवी पुढच्या पायाची. ती मिळाली की नोव्हेंबरच्या पाच तारखेच्या आत अर्ज. नाही मिळाली तर एकदम मे महिना. तीन वर्षं मी दुसऱ्याच्या सहीखाली काम करतेय. मला माझी सही हवी आहे.

आप्पांना घरी येऊन सांगितलं. आमचं तासगावात ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, नऊ वर्षांची असल्यापासून मी तिथं पाने पुसतेय. आप्पा म्हणाले, "ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर हुबा ऱ्हातो. तुझं तसं न्हाई. ध्यान दिऊन कर." बास, एवढंच. पण जेवताना मला भाकरीवर लोण्याचा गोळा जास्त वाढायला आईला त्यांनीच सांगितलं, मी ऐकलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

उघडला. मी उघडला.

शेपटाला वाळूची तीन पोती बांधली की नाक आपोआप वर उठतं. काकांनी पोती बांधली आणि टिटवीच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "बस गं बाय, डाक्टरीण आलीया." मग आधी नायट्रोजन सोडायचा, अगदी हळू. सर म्हणतात, आधी जीव सोडायचा, मग अंग उघडायचं. फुस्स करून सगळा जीव गेला तेव्हा मी पाना खाली ठेवला.

आतलं तेल कुंकवासारखं लाल. मुद्दामच लाल करतात, गळलं तर लगेच कळावं म्हणून. जुन्या रिंगा चपट्या, कडक, वाळल्या वाटाण्यासारख्या. नव्या रिंगांच्या पाकिटांवरचे नंबर सरांनी मला मोठ्यानं वाचायला लावले, दोन-दोनदा. मी काय पहिलीत आहे? पण फौजेतला माणूस. वायुदलात पस्तीस वर्षं काढलेल्याला कोण बोलणार.

पण एक गोष्ट बघितली ती जन्मभर विसरणार नाही. दांडा पुसून दिल्यावर सरांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत फिरवलं, चारी बाजूंनी. म्हणाले, "एकही ओरखडा नाही." डोळे मिटून. मी इतका वेळ बॅटरी लावून बघत होते, मला नीट सांगता येत नव्हतं. याला म्हणतात हात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

जोडला. नव्या रिंगा लाल तेलात बुडवून खाचेत बसवायच्या, बोटांनीच. स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं तर रिंग कापते. हे काम सर आजवर कुणाला करू देत नव्हते. आज सगळं मलाच करू दिलं. सगळ्यात खाली, नळीच्या तोंडाशी, धूळ पुसणारी रिंग. दांडा आत जाताना तीच धूळ अडवते.

तेल भरलं, बुडबुडे काढले, मग नायट्रोजन. काट्याकडे बघत सर म्हणाले, "बोल." मी आकडा बोलले. "परत बोल." परत बोलले. शेपटाची पोती सोडल्यावर टिटवी जमिनीवर आली, पुढचा पाय किंचित दबला आणि तिथंच थांबला. मी गुडघ्यावर बसून बोटं लावली. चार. माझी चार बोटं आणि वर केसभर.

काका म्हणाले, "लय झ्याक. आता नव्या नवरीगत हुबी हाय."

घरी जाताना पलूसच्या पुढे गाडी थांबवून एकटीनंच उसाचा रस प्यायले. दोन ग्लास.

२० सप्टेंबर, शनिवार

या आठवड्यात पावसामुळे टिटवी दहाच वेळा उतरली. दहाही वेळा मी धावपट्टीच्या कडेला उभी होते. आधी मागची दोन चाकं टेकतात, मग वेग कमी होईल तसं नाक खाली येतं. त्या क्षणी मी दांड्यावरची नजर हलवत नाही. पुढचं चाक टेकतं, दांडा आत जातो, परत बाहेर येतो, आणि थरथर नाही, काही नाही. कॅप्टन राजवर्धन आमचे शिकवणारे वैमानिक. उतरल्यावर हात पुसत म्हणाले, "पुढे लोणी आहे."

आणि दुपारी सरांनी सही केली. सातवी. सातही ओळी भरल्या.

आई म्हणते, इतका आनंद बरा नव्हे, दृष्ट लागते. लागू दे. आज मी दोन वेळा वही उघडून नुसती सही बघितली, आणि हे लिहिताना तिसऱ्यांदा बघितली.

सर संध्याकाळच्या गाडीनं किर्लोस्करवाडीहून मिरजेला गेले. नातीसाठी तानपुरा करून घेतायत. हा महिन्यातला तिसरा फेरा. मी म्हटलं, सर, इतका वेळ लागतो? तर म्हणाले, "भोपळा अजून नीट पिकला नाही म्हणतात." तानपुऱ्याचा भोपळा म्हणे जून लागतो. असेल.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. काकांनी कुंडलच्या बाजारातून झेंडूच्या सात माळा, पाच नारळ आणि हळदीकुंकवाच्या पुड्या आणल्या. दरवर्षी क्लबात नुसता एक हार घालून मोकळे होतात. यंदा मी म्हटलं, मी करणार पूजा. आप्पांच्या गॅरेजात खंडेनवमीला पाना-पाना धुऊन मांडतात, ट्रॅक्टर नटवतात. टिटवीनं काय घोडं मारलंय?

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

मस्त झालं सगळं. हत्यारं धुऊन पुसून सतरंजीवर मांडली, नट मोजून आवळायचा टॉर्क पाना मधोमध. टिटवीला नाकावरच्या पंख्यावर हार, दारावर स्वस्तिक. आणि पुढच्या पायावर मी स्वतः हळदीकुंकवाची पाच-पाच बोटं ओढली, दांड्यावरच. आरशासारखा चकचकीत, त्यावर काय उठून दिसलं! वर अक्षता टाकल्या. काकांनी चाकापुढे नारळ फोडला आणि पाणी सगळ्या पायावर शिंपडलं. माझं काम, माझा पाय, म्हणून मी नमस्कारही तिथंच केला.

सरांनी लांबून हात जोडले. म्हणाले, "पुढं-मागं सगळं पुसूनच उडवायची, बरं का." म्हटलं, हो सर.

संध्याकाळी पंखा पुसला, काच पुसली, दार पुसलं. पायावरचं कुंकू मात्र ठेवलं. दसऱ्याआधी पुसायला हातच होईना. आप्पांच्या ट्रॅक्टरवर दिवाळीपर्यंत असतं, त्याला काय होतंय? आणि आमच्या तासगावच्या बेदाण्याच्या शेडवरच्या ट्रॅक्टरइतकी धूळ कुणी खात नसेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

शिलंगण! सीमोल्लंघन म्हणजे काय ते आज कळलं. पाऊस उघडल्यावरचं पहिलं लांब उड्डाण, थेट साताऱ्यावर. कॅप्टननी मला शेजारी बसवलं. अजिंक्यताऱ्याला वळसा घातला तेव्हा मला खाली बघायचं सुचेना, मी कान देऊन चाकांचे आवाज ऐकत होते. वरती चाकांना काय आवाज येणार, वेडी मी.

उडण्याआधी सरांनी रीतसर तपासणी केली. पुढच्या पायाशी वाकून, अगदी नाक लागेल इतकं वाकून, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "ठीक." मला वाटलं होतं कुंकू पुसायला लावतील. काही बोलले नाहीत. देवाधर्माचं मानतात तसे.

परतल्यावर सगळ्यांना सोनं वाटलं. टिटवीलाही एक आपट्याचं पान.

६ ऑक्टोबर, सोमवार

दांडा तीन बोटं.

आधी वाटलं, बोटं चुकली. परत मोजलं. तीनच. दांड्यावर लाल ओल होती, पुसली. तेल गळतंय. पंचवीस दिवसांत? माझ्या रिंगा?

७ ऑक्टोबर, मंगळवार

नायट्रोजन परत भरला. चार बोटं आली. कारण मला माहीत आहे. वल्लरी.

वल्लरी सांगलीची, यंदाच शिकायला आलीय, वडील डॉक्टर. चांगली आहे पण विमान उतरवत नाही, टाकते. काल सकाळी तिनं टिटवी अशी आपटली की हँगरात चहाचे कप वाजले. मी कॅप्टनना सांगितलं. सरळ सांगितलं, तिच्या हातून पाय बसलाय. वर तीच म्हणते, धावपट्टीला मध्येच उंचवटा आहे. नाचता येईना अंगण वाकडं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अडीच बोटं.

कॅप्टननी वल्लरीचं उद्याचं एकटीचं पहिलं उड्डाण रद्द केलं. ती पार्किंगपाशी मला गाठून म्हणाली, "ताई, एक विचारू? मंगळवारपासून मी टिटवीत बसलेलीच नाही. पाऊस आला म्हणून तिला कुणी हँगरबाहेरच काढलं नाही. मग ती आज पुन्हा कशी बसली?"

मी म्हटलं, आपटलेलं लगेच दिसत नसतं. तिनं हेल्मेट घातलं आणि ती गेली. तिच्या आईवडिलांना उद्या बघायला बोलावलं होतं म्हणे.

घरी आल्यावर पुन्हा विचार केला. तिचं म्हणणं बरोबर आहे, उभ्या उभ्या कशी बसेल? म्हणजे रिंगाच सदोष. पुण्याच्या पुरवठादाराला मी असला मेल लिहिलाय की वाचून घाम फुटेल. 'एका वैमानिकाच्या जिवाशी खेळ' असंही लिहिलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

सर परत मिरजेला. जाताना मी विचारलं, सर, पाय पुन्हा उघडायला लागणार, मग माझ्या वहीचं काय? म्हणाले, "वहीत काम कसं केलंस ते लिहिलंय. ते चोख होतं." हुश्श. सर असं म्हणाले म्हणजे रिंगाच खराब. माझ्या सहीला धक्का नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हे कुणी वाचू नये.

पोती बांधली, जीव सोडला, उघडला. धूळ पुसणारी रिंग काढली आणि खाचेत बोट घातलं. बोटाला पिवळं लागलं.

तेल लाल असतं. नव्या रिंगा काळ्या. पिवळं कुठून आलं? मी वास घेतला. हळद. नारळाच्या पाण्यात कालवलेली, वाळून चिकट झालेली हळद, त्यात कुंकू, आणि रिंगेच्या कडेला अर्धा तांदूळ. अक्षता. दांडा प्रत्येक वेळी आत जाताना हे सगळं आत घेऊन गेला आणि रिंगांना कानशीसारखं घासत राहिला. सहा तारखेला मी पुसलेली लाल ओल निम्मी तेल होती आणि निम्मी माझी पाच बोटं.

सर शेजारी उभे होते. "काय दिसतंय?" म्हणाले. मी म्हटलं, "रिंग झिजलीय, सर." ते वाकून बघत राहिले, बराच वेळ. पिवळं तर समोर होतं, ढळढळीत. तरी बोलले नाहीत. मला वाटतं त्यांनी ओळखलंय आणि माझी परीक्षा बघतायत.

मी चिंधीनं खाच पुसली. चिंधी खिशात घातली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर मनात हिशेब. रिंगा बदलल्या की टिटवी ठीक. दांड्यावर बारीक रेघा आहेत, घासून निघतील. पुरवठादार बिचारा नव्या रिंगा फुकट पाठवतो म्हणालाय, वर माफी. कुणी काही विचारत नाही. मग सांगायचं कशाला, हात दाखवून अवलक्षण? वहीत सात सह्या आहेत. एकवीस दिवसांनी अर्ज.

फक्त वल्लरी. आज ती हँगरच्या दारात बसून दुसऱ्यांची विमानं बघत होती. कॅप्टन तिला म्हणाले, अजून पंधरा दिवस माझ्याबरोबरच उतरवायचं. तिनं मान डोलावली. चुगली मी केली होती आणि मान ती डोलवत होती.

काकांना हळूच विचारलं, काका, नारळाचं पाणी पायावर पडलं होतं ना? ते म्हणाले, "पडलं न्हवं, म्या मुद्दाम शिपाडलं की. आवं ताई, चाकाला पाणी दाखवायचंच आसतं." त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. त्यांना कशाला सांगू?

घरी आल्यावर आप्पांना सगळं सांगितलं. गॅरेजच्या पायरीवर बसून ते बिडी ओढत होते. ऐकलं आणि म्हणाले, "येड्यागत केलंस. आगं, आमी कुंकू बॉनेटला लावतो, चाकाला लावतो. ज्याकच्या दांड्याला कवा लावल्यालं बघितलंस? नऊ वर्साची हुतीस तवापास्नं हितं बसतीस."

मी आठवून बघितलं. खरंच कधी लावलं नव्हतं. सतरा खंडेनवम्या मी बघितल्या आणि दांड्याला फडकं गुंडाळून ठेवतात हे मला कधी दिसलंच नाही.

"सायबाला सांगितलंस?"

"न्हाई."

"मग जेवाय ऊठ. उद्या सांग."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं.

सकाळी सर हँगरमागच्या त्यांच्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. मी चिंधी टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं बोलून टाकलं: हळदकुंकू, अक्षता, नारळाचं पाणी, न पुसणं, वल्लरीवर ढकलणं, पुरवठादाराला शिव्या, परवाची थाप. बोलताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

सरांनी रेडिओ बंद केला. "कुंकू नक्की कुठं लावलं होतंस?"

"दांड्यावर, सर."

"मागच्या बाजूनं?"

"नाही, समोरच. पाच बोटं. दसऱ्याला तुम्ही बॅटरी मारून बघितलंत ना."

"बघितलं," सर म्हणाले. "मला दिसलं नाही."

मला आधी कळेना. मग त्यांनी चिंधी उचलली, डोळ्यांपाशी नेली, पुन्हा खाली ठेवली. "यावर पिवळं आहे म्हणतेस. मला नुसतं मळकं दिसतंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पोरी. मे महिन्यापासून वाढला. मिरजेत तानपुरा वगैरे काही नाही."

मला एकेक आठवायला लागलं. नंबर वाचून घेणं, काटा वाचून घेणं, डोळे मिटून नख फिरवणं. मी त्याला हात म्हणत होते. हात आहेच तो. पण.

डॉक्टरांनी ऑपरेशनला सप्टेंबरचीच तारीख दिली होती, यांनी नोव्हेंबरची मागून घेतली. दहा तारखेची. मी विचारलं, का? तर म्हणाले, दिवाळीत घरी पाहुणे असतात. पाहुण्यांसाठी डोळे थांबवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मला इतका राग आला की मी त्यांना चक्क ओरडले, सर, विमानं तपासता तुम्ही. ते म्हणाले, "म्हणूनच आता थांबतोय." आणि माझ्यासमोरच कॅप्टनना फोन लावून सगळं सांगितलं. आजपासून त्यांनी कुठल्याही कागदावर सही करायची नाही. त्यांनी मे महिन्यापासून तपासलेलं सगळं पुन्हा तपासायचं, तोवर एकही विमान उडणार नाही. पुण्याचा इंजिनिअर शनिवारी येणार.

मग मी वल्लरीकडे गेले. म्हटलं, तुझा काही दोष नव्हता, माझा होता, आणि कॅप्टननाही आता ते कळलंय. ती म्हणाली, "पण ताई, मी आपटते हेही खरं आहे." आणि हसली. मला तिला कवटाळावंसं वाटलं, पण हाताला तेल होतं.

पुरवठादारालाही मेल पाठवला. तीन ओळींचा. पहिला दीड पानांचा होता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

आज अंगात नुसता वारा भरलाय. उद्या साडेआठला पुण्याचा इंजिनिअर येतोय. सकाळी मी दांडा घासून काढला, इतका बारीक कागद वापरला की शेवटी आरसाच. नख फिरवलं, डोळे मिटून. काही लागलं नाही. मग डोळे उघडून, बॅटरी मारून, भिंग लावून बघितलं. तरी काही नाही. काकांना हळदीकुंकवाचं सांगितलं एकदाचं. ते म्हणाले, "म्हंजे पाणी म्या घातलं, त्येचं बी बिल माझ्याच नावावं." मी म्हटलं, काका, निम्मं माझ्या. ते म्हणाले, मग मोठं निम्मं तुमचं. हसून हसून दोघांची पुरेवाट.

दुपारी सरांनी बोलावलं. "अनुभवाची वही आण," म्हणाले.

मी आणली. मनात म्हटलं, अर्जाआधी एकदा नजरेखालून घालायची असेल. म्हणजे, तपासायची असेल.

"या रकान्यावर काय छापलंय, वाच."

"मी स्वतः पाहिले."

"सहावी सही कधीची?"

"फेब्रुवारीची, सर."

"तेव्हा दिसत होतं. पहिल्या सहा राहू देत. सातवीचं काम तू चोख केलंस, मला माहीत आहे. माझ्या कानांना माहीत आहे, नखाला माहीत आहे. पण मी पाहिलेलं नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "ओळ दाखव. रेघ मारतो."

मी म्हटलं, सर, मे महिना. दुसरं काही सुचलंच नाही. ते म्हणाले, "हो. मे महिना."

आता खरं लिहायचं तर सगळंच लिहिते. वही त्यांच्यापुढे उघडी होती. वर सात भरलेल्या ओळी, खाली आठवी कोरी. पेनाचं टोक हवेत थांबलं होतं आणि सर माझी वाट बघत होते. कोरी ओळ दाखवली असती तर त्यांनी तिच्यावर रेघ मारली असती आणि समाधानानं वही मिटली असती. दहा नोव्हेंबरपर्यंत त्यांना कळलं नसतं आणि पाच तारखेला माझा अर्ज गेला असता. हे सगळं माझ्या डोक्यात आलं. माझ्या हातात आलं. तीन वर्षं आली. मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे, बाहेर काका टिटवीच्या शेपटाशी उद्यासाठी आणखी पोती आणून टाकत होते, एक पडलं, दुसरं पडलं.

मी सरांचं बोट धरलं आणि सातव्या ओळीवर ठेवलं, अगदी माझ्या नावाखाली.

"इथे, सर."

त्यांनी रेघ मारली. तारीख, काम, माझं नाव, त्यांची सही, सगळं त्या रेघेखाली गेलं. पेन मिटून त्यांनी विचारलं, "नीट आली का?"

मी वाकून बघितलं.

"आली, सर. सरळ आली."